सबनेट सुरू कुठून होतो? नागपुरातील एका परीक्षार्थीचे प्रकरण

सिस्को या नेटवर्किंग कंपनीच्या सीसीएनए या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करताना नागपुरातील एका विद्यार्थिनीला सबनेटिंगमध्ये, म्हणजे एका नेटवर्कचे लहान भाग (सबनेट) पाडण्याच्या हिशेबात, जी अडचण आली, तिचे मूळ कसे सापडले आणि ती कशी दूर झाली, याची ही सविस्तर नोंद आहे. नेटवर्किंग शिकवताना सबनेटिंगला अडखळणारे विद्यार्थी मला नेहमीच भेटतात आणि त्यांतले बहुतेक ‘माझे गणित कच्चे आहे’ असे सांगतात. या विद्यार्थिनीचे गणित अजिबात कच्चे नव्हते, आणि म्हणूनच हे प्रकरण लिहून ठेवावेसे वाटले.

इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार या विषयातील पदविका घेतल्यानंतर ती हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्याच्या कार्यालयात संगणक देखभालीच्या कामाला लागली. तिला मेट्रोच्या अ‍ॅक्वा मार्गिकेने प्रजापतीनगरपासून लोकमान्यनगरपर्यंत, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे लागते, आणि तिचा पुष्कळसा अभ्यास या प्रवासातच होतो. संध्याकाळी धरमपेठेत मी घेत असलेल्या वर्गात ती आली तेव्हा तिने अभ्यासक्रम एकदा पूर्ण वाचलेला होता, स्विच (संगणक एकमेकांना जोडणारे यंत्र) आणि व्हीलॅन (एकाच स्विचवर केलेली वेगवेगळी नेटवर्क) यांचे प्रात्यक्षिक तिला व्यवस्थित जमत होते आणि सबनेटिंगची उदाहरणे सोडवून तिने एक जाड वही भरलेली होती.

परीक्षेचे स्वरूप येथे सांगणे आवश्यक आहे, कारण अडचणीचा त्याच्याशी थेट संबंध आहे. २४ फेब्रुवारी २०२० पासून सीसीएनएसाठी २००-३०१ ही एकच परीक्षा द्यावी लागते. वेळ १२० मिनिटांचा असतो. एक प्रश्न मागे टाकून पुढे गेले की त्याच्याकडे परत येता येत नाही. गणकयंत्र वापरता येत नाही. कच्चे काम फळीवर पुसता येणाऱ्या पेनाने करावे लागते. अभ्यासक्रमाच्या सहा विभागांत आयपी कनेक्टिव्हिटीला सर्वाधिक, म्हणजे २५ टक्के भार आहे, आणि नेटवर्कच्या मूलभूत गोष्टींना २० टक्के. थेट सबनेटिंगच्या नावाने प्रश्न मूलभूत विभागात येतात. पण राउटिंग टेबल (नेटवर्क एकमेकांना जोडणाऱ्या राउटरजवळची मार्गांची यादी) वाचणे, ओएसपीएफ (राउटरांनी मार्ग एकमेकांना कळवण्याची पद्धत) लावणे किंवा अ‍ॅक्सेस लिस्ट (कोणती वाहतूक जाऊ द्यायची याची यादी) लिहिणे यांतले एकही काम सबनेटच्या सीमा ओळखल्याशिवाय होत नाही. त्यामुळे या एका विषयातील शंका साऱ्या प्रश्नपत्रिकेत पसरते.

वही काय सांगत होती

मी तिला नवीन काही शिकवण्याआधी तिची वही मागून घेतली. उत्तर बरोबर की चूक, एवढे पाहून वही बाजूला ठेवण्याची पद्धत मला पटत नाही, कारण चुकीचे उत्तर ज्या वाटेने आले ती वाट त्या पानावरच असते. आयपी पत्ता ३२ बिटांचा (० किंवा १ या अंकांचा) असतो आणि तो आठ-आठ बिटांच्या चार आकड्यांत, म्हणजे ऑक्टेटमध्ये, लिहितात; त्यापुढचा /२५ सारखा आकडा, म्हणजे मास्क, सुरुवातीचे किती बिट नेटवर्कचे हे सांगतो, आणि उरलेले बिट होस्टचे, म्हणजे त्यातल्या संगणकांचे. तिच्या वहीत /२५ पासून /३० पर्यंतची जवळजवळ सर्व उदाहरणे बरोबर होती. १९२.१६८.१०.७७/२७ दिले की ब्लॉक साईज (सबनेटच्या सुरुवातींमधले अंतर) ३२, नेटवर्क (सबनेटचा पहिला पत्ता) १९२.१६८.१०.६४, ब्रॉडकास्ट (शेवटचा, सबनेटमधील सर्वांसाठीचा पत्ता) १९२.१६८.१०.९५ आणि मधले ३० पत्ते होस्टसाठी, हे ती न थांबता लिहीत असे. /२४ च्या अलीकडे मात्र सगळे कोसळत होते.

एक उदाहरण जवळून पाहू. पत्ता होता १७२.१६.४५.२००/२०. तिचे उत्तर होते नेटवर्क १७२.१६.४५.१९२ आणि ब्रॉडकास्ट १७२.१६.४५.२०७. हे उत्तर अंदाजाने ठोकलेले नाही. /२० चा मास्क २५५.२५५.२४०.०, हे तिने बरोबर लिहिले होते. २५६ मधून २४० वजा करून ब्लॉक साईज १६ हीदेखील बरोबर काढली होती. त्यानंतर १६ च्या पटीत २०० च्या खालची संख्या शोधून १९२ लिहिले होते. हिशेब निर्दोष होता; फक्त तो तिसऱ्या ऑक्टेटमध्ये करायचा सोडून चौथ्यात केलेला होता. /२८ चे अचूक उत्तर /२० च्या प्रश्नाखाली लिहिले गेले होते.

मी तिला विचारले की १६ ही संख्या तू चौथ्या ऑक्टेटवर का लावलीस. तिचे उत्तर असे होते, ‘‘सर, होस्ट तर शेवटच्याच आकड्यात असतात नं?’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘उत्तर येऊन तर राहिलं, पण ते बरोबर आहे का, हे मला स्वतःला सांगता येत नाही.’’ दुसरे वाक्य मला पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटले. आपले उत्तर स्वतः तपासण्याचे कोणतेही साधन तिच्याजवळ नव्हते. मास्क आणि ब्लॉक साईजचा पाठ केलेला तक्ता आठवला तर उत्तर, नाही आठवला तर काहीच नाही, अशी तिची स्थिती होती.

वहीतला दुसरा गट व्हीएलएसएमचा, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगवेगळ्या आकारांचे सबनेट पाडण्याचा, होता. १९२.१६८.४०.०/२४ हे नेटवर्क विभागून १० संगणकांचा एक, २५ चा एक, ५० चा एक आणि १०० चा एक असे विभाग करायचे आणि शिवाय दोन राउटरांमधल्या दोन लिंकना पत्ते द्यायचे, असे उदाहरण होते. तिने प्रश्नात दिलेल्या क्रमानेच सुरुवात केली होती. १० संगणकांसाठी /२८, म्हणजे ० ते १५. त्यानंतर २५ संगणकांसाठी /२७, आणि आधीचा विभाग १५ वर संपला म्हणून हा १६ वर सुरू करून ४७ वर संपवला. वरवर पाहता यात काही खटकत नाही; १६ ते ४७ हे मोजून ३२ पत्ते आहेत. परंतु /२७ चा ब्लॉक १६ वर सुरू होऊच शकत नाही. तो ० वर, ३२ वर, ६४ वर सुरू होतो. १६ हा पत्ता ० ते ३१ या ब्लॉकच्या पोटात येतो आणि त्याच पोटात तिचा पहिला विभागही बसलेला होता.

तिसरी गोष्ट किरकोळ, पण अनेकांना छळणारी. सीताबर्डीवरून झेरॉक्स करून आणलेल्या जुन्या नोट्समध्ये सबनेटची संख्या काढताना दोन वजा करायला सांगितलेले होते. त्यामुळे एका /२४ चे /२७ केल्यावर ती ८ ऐवजी ६ सबनेट मोजत होती. १९८५ च्या आरएफसी ९५० मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) पहिला आणि शेवटचा सबनेट वापरू नये असा संकेत होता, त्याची ही परंपरा आहे. १९९५ च्या आरएफसी १८७८ मध्ये ही प्रथा कालबाह्य असल्याचे स्पष्ट केले गेले आणि सिस्कोच्या राउटरांवरील आयओएस या प्रणालीत १२.० या आवृत्तीपासून शून्य (म्हणजे पहिला) सबनेट वापरण्याची मुभा मूळ मांडणीतच असते. होस्टच्या संख्येतून दोन वजा करायचे, सबनेटच्या संख्येतून नाही, एवढे सांगितल्यावर हा भाग मिटला. त्या नोट्स तिने टाकून द्याव्यात, असा आग्रह मी धरला आणि तो आजही कायम आहे.

मूळ कुठे होते

पहिल्या दोन चुका दिसायला वेगळ्या आहेत. एकीत ऑक्टेट चुकला आहे, दुसरीत सुरुवात. पण दोन्हींच्या खाली एकच समज होती: मास्क म्हणजे तक्त्यातून उचललेला एक आकडा, आणि सबनेट म्हणजे काही पत्त्यांचा गठ्ठा, जो जागा मिळेल तिथून सुरू करता येतो. मास्क ही ३२ बिटांमध्ये मारलेली एक रेघ आहे, त्या रेघेच्या डावीकडचे बिट नेटवर्कचे आणि उजवीकडचे होस्टचे, आणि ती रेघ एकदा पडली की पृथ्वीवरच्या प्रत्येक आयपीव्ही४ पत्त्याचा ब्लॉक आपोआप ठरून जातो, ही गोष्ट तिच्या वाचनात होती, पण हिशेबात उतरलेली नव्हती.

शिकवण्याच्या प्रचलित क्रमाचा यात मोठा वाटा आहे, असे माझे मत आहे. बहुतेक ठिकाणी सुरुवात १९२.१६८ च्या पत्त्यांनी आणि /२४ पलीकडच्या मास्कनी होते. ती उदाहरणे सोपी असतात, लवकर सुटतात, आणि त्यांत रेघ नेहमी चौथ्या ऑक्टेटमध्येच पडत असल्यामुळे रेघेचा विचार करण्याची गरजच उरत नाही. शंभर उदाहरणे सोडवली तरी विद्यार्थी प्रत्यक्षात एकच गोष्ट शंभर वेळा करत असतो. पत्त्याच्या पहिल्या आकड्यावरून सीमा ठरवणाऱ्या जुन्या ए, बी, सी वर्गांची सवय यात आणखी भर घालते. १९८१ च्या आरएफसी ७९१ मधील वर्गांची ही व्यवस्था १९९३ मध्ये सीआयडीआर (वर्गांऐवजी / च्या आकड्याने सीमा सांगण्याची पद्धत) आल्यावर मागे पडली, तरी ‘१९२ म्हणजे सी, म्हणजे शेवटचा आकडा होस्टचा’ हे वाक्य अजून वर्गावर्गांतून ऐकू येते.

उपाय

पहिली गोष्ट म्हणजे तक्ता काही काळ बंद केला. तिने प्रत्येक उदाहरण सोडवण्याआधी फक्त एका प्रश्नाचे उत्तर लिहायचे: रेघ कितव्या ऑक्टेटमध्ये पडते? /१ ते /८ पहिल्यात, /९ ते /१६ दुसऱ्यात, /१७ ते /२४ तिसऱ्यात, /२५ ते /३२ चौथ्यात. हे लिहिल्याशिवाय ब्लॉक साईजला हात लावायचा नाही. रेघेच्या डावीकडचे ऑक्टेट जसेच्या तसे उतरवायचे; उजवीकडचे ऑक्टेट नेटवर्क पत्त्यात ० आणि ब्रॉडकास्टमध्ये २५५; हिशेब फक्त त्या एका ऑक्टेटमध्ये.

दुसरी गोष्ट बायनरीची. बायनरी टाळून सबनेटिंग शिकवता येते, आणि परीक्षेच्या तोंडावर आलेल्या विद्यार्थ्याला तसे शिकवावेही लागते. पण ज्याला आपले उत्तर तपासता येत नाही त्याने निदान काही दिवस तरी बिट लिहिलेच पाहिजेत. आम्ही तेच उदाहरण पुन्हा घेतले. तिसऱ्या ऑक्टेटमधील ४५ म्हणजे ००१०११०१. मास्कमधील २४० म्हणजे ११११००००. दोन्ही ठिकाणी १ असेल तिथे १, नाहीतर ०, असे करत गेल्यावर ००१००००० मिळाले, म्हणजे ३२. नेटवर्क १७२.१६.३२.०. आता रेघेच्या उजवीकडचे सगळे बिट १ केले की तिसऱ्या ऑक्टेटमध्ये ००१०११११, म्हणजे ४७, आणि चौथ्यात २५५. ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५. होस्टचे १२ बिट, म्हणून ४०९६ पत्ते, त्यांतले ४०९४ वापरण्याजोगे. ब्लॉक नेहमी आपल्या आकाराच्या पटीतच का सुरू होतो, हेही याच पानावर तिला दिसले: नेटवर्क पत्त्यात होस्टचे सगळे बिट शून्य असावे लागतात, आणि ज्या संख्येचे शेवटचे चार बिट शून्य आहेत ती १६ ने भागली जाणारच. १६ वर सुरू होणारा /२७ अशक्य का, याचे कारणही तेच. १६ मधला १ हा होस्टच्या बाजूला पडतो.

येथे मी तिला ले-आउटचे उदाहरण दिले. बेसा किंवा मानेवाड्याकडे ले-आउट पडतो तेव्हा प्लॉटच्या सीमा नकाशावर आधीच आखलेल्या असतात. आपण ज्या जागी उभे आहोत तिथून आपला प्लॉट सुरू होत नाही, आपण कोणत्या प्लॉटमध्ये उभे आहोत एवढेच शोधायचे असते. १७२.१६.४५.२०० हा पत्ता कोणत्या ब्लॉकमध्ये ‘उभा’ आहे, असा प्रश्न ती त्यानंतर स्वतःच विचारू लागली.

तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगी ठरली. कागदावरचे प्रत्येक उत्तर पॅकेट ट्रेसर या नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या राउटरला देऊन पाहायचे, आणि राउटर काय म्हणेल ते आधी वहीत लिहायचे. १७२.१६.३२.० हा पत्ता /२० च्या मास्कसह इंटरफेसला (राउटरच्या एका जोडणीला) दिल्यावर राउटरने ‘बॅड मास्क’ म्हणून तो नाकारला. नेटवर्क पत्ता कोणत्याही इंटरफेसला देता येत नाही, हे तिने आधीच लिहून ठेवले होते. व्हीएलएसएमचे चुकलेले उदाहरण मांडताना एका इंटरफेसवर १९२.१६८.४०.१ /२८ आणि दुसऱ्यावर १९२.१६८.४०.१७ /२७ दिल्यावर राउटरने दोन्ही नेटवर्क एकमेकांवर चढतात असे सांगून दुसरा पत्ता घेतलाच नाही. तिची चूक आता कुणा शिक्षकाच्या लाल शाईने नव्हे, तर यंत्राने दाखवली होती.

पण तिच्या मनातला गुंता खऱ्या अर्थाने सुटला तो १०.२०.८९.० या पत्त्याने. १०.२०.९१.१४/२२ हे उदाहरण चालू होते. रेघ तिसऱ्या ऑक्टेटमध्ये, मास्क २५२, ब्लॉक ४, म्हणून नेटवर्क १०.२०.८८.० आणि ब्रॉडकास्ट १०.२०.९१.२५५, इथपर्यंत ती बरोबर आली. मग मी विचारले की याच सबनेटमध्ये एखाद्या संगणकाला १०.२०.८९.० हा पत्ता देता येईल का. तिने ठामपणे नाही म्हटले, कारण शेवटी शून्य आहे. वहीत ‘राउटर नाकारेल’ असे लिहिले आणि आज्ञा दिली. राउटरने काहीच कुरकूर न करता पत्ता घेतला. १०.२०.८९.२५५ सुद्धा घेतला. ती बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिली आणि मग वहीत १० बिट मांडले: ८९ चे शेवटचे दोन बिट ०१ आणि त्यापुढे आठ शून्ये. होस्टचा भाग पूर्ण शून्य नाही, म्हणून हा नेटवर्क पत्ता नाही. २५५ च्या बाबतीत तो पूर्ण १ नाही, म्हणून तो ब्रॉडकास्टही नाही. शेवटी ० किंवा २५५ दिसले की पत्ता राखीव, हा समज त्या दिवशी गेला आणि त्याच्याबरोबर चौथ्या ऑक्टेटचे वर्चस्वही गेले.

त्यानंतर व्हीएलएसएमचे तेच उदाहरण तिने मोठ्या गरजेपासून लहान गरजेकडे जात मांडले. १०० संगणकांना /२५, म्हणजे ० ते १२७. ५० ना /२६, १२८ ते १९१. २५ ना /२७, १९२ ते २२३. १० ना /२८, २२४ ते २३९. दोन लिंकना /३०, २४० ते २४३ आणि २४४ ते २४७. २४८ ते २५५ हा /२९ चा एक ब्लॉक शिल्लक. मोठ्यापासून सुरुवात का करायची, हे तिला सांगावे लागले नाही: उतरत्या क्रमाने गेल्यास पुढचा ब्लॉक आपोआप आपल्या पटीवर येतो. लिंकसाठी /३१ चालेल का, असे तिनेच विचारले. चालते, थेट दोन टोकांच्या लिंकवर /३१ वापरण्याची तरतूद २००० सालच्या आरएफसी ३०२१ ने केली आहे. प्रश्नात पर्याय म्हणून ते दिलेले नसेल तर मात्र /३० वर राहावे, असे मी सुचवले.

वेगाकडे आम्ही सर्वांत शेवटी वळलो. तक्ता तेव्हा परत आला, पण आता तो ती स्वतः कच्च्या कागदाच्या कोपऱ्यात मांडत होती: वर १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ आणि खाली १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४, २५५. मेट्रोत बसल्या बसल्या तोंडी उदाहरणे सोडवताना ती आधी ऑक्टेट म्हणे, मग पट, मग उत्तर. घड्याळ लावून सराव करण्याच्या मी विरोधात नाही. पण उत्तराची खात्री नसताना लावलेले घड्याळ चुकीची वाटच पक्की करते, आणि अशी पक्की झालेली वाट मोडायला पुढे दुप्पट कष्ट पडतात.

या सगळ्याचा लाभ दुसऱ्या धड्यांत आधी दिसला. राउटिंग टेबलमध्ये १०.२०.८८.०/२२, १०.२०.९०.०/२३ आणि १०.२०.९१.०/२४ असे तीन मार्ग आहेत आणि पॅकेट १०.२०.९०.७ कडे जायचे आहे. कोणता मार्ग निवडला जाईल? पूर्वी ती सर्वांत लांब मास्क म्हणून /२४ कडे बोट दाखवत असे. आता तिने तिन्हींच्या सीमा लिहिल्या. /२२ मध्ये ८८ ते ९१, /२३ मध्ये ९० आणि ९१, /२४ मध्ये फक्त ९१. पत्ता पहिल्या दोघांतच बसतो आणि त्यांत /२३ अधिक नेमका. ओएसपीएफमधील वाइल्डकार्ड मास्कही (उलटा मास्क) तिला वेगळा पाठ करावा लागला नाही. /२२ साठी ०.०.३.२५५ आणि /२७ साठी ०.०.०.३१ म्हणजे ब्लॉक साईजमधून एक वजा, हे तिने स्वतःच पाहिले.

परीक्षा ती उत्तीर्ण झाली.

कार्यालयातील दोन प्रसंग

परीक्षेच्या थोडे आधी तिच्या कार्यालयात एका नव्या संगणकावर इंटरनेट चालत नव्हते. शेजारच्या दोन संगणकांना पिंग (संपर्क तपासणारा संदेश) जात होते, त्यामुळे केबल आणि स्विच बदलण्याची चर्चा सुरू झाली होती. तिने आधी पत्ता पाहिला: १९२.१६८.११.१५०, मास्क २५५.२५५.२५५.१२८, गेटवे (बाहेर जाण्यासाठीच्या राउटरचा पत्ता) १९२.१६८.११.१. मास्कनुसार हा संगणक १२८ ते २५५ या अर्ध्या भागात होता आणि गेटवे ० ते १२७ मध्ये, म्हणजे संगणकाच्या दृष्टीने गेटवे त्याच्या सबनेटमध्येच नव्हता. पिंग मिळणारे शेजारी दोघेही १२८ च्या पुढचे होते. विंडोजने पत्ता भरताना गेटवे त्याच सबनेटमध्ये नसल्याची सूचना दिलेली असणार. ती कोणीतरी न वाचता बंद केली असावी. मास्क २५५.२५५.२५५.० केल्यावर काम झाले.

दुसरा प्रसंग परीक्षेनंतरचा. कार्यालयाचे १९२.१६८.११.०/२४ हे नेटवर्क भरत आले होते आणि बाहेरून आलेल्या सल्लागाराने ११ आणि १२ एकत्र करून /२३ करावा, असे कागदावर लिहून दिले होते. असा /२३ अस्तित्वात येऊच शकत नाही. तिसऱ्या ऑक्टेटमध्ये ब्लॉक २ चा आहे, ११ विषम आहे, त्यामुळे ११ चा जोडीदार १० आणि १२ चा १३. तिने दोन मार्ग मांडले. एक, सगळे कार्यालय १९२.१६८.१२.०/२३ वर हलवायचे, म्हणजे प्रत्येक यंत्राचा पत्ता आणि गेटवे बदलायचा. दुसरा, १९२.१६८.१०.० मध्ये असलेले सीसीटीव्ही कॅमेरे १९२.१६८.१२.०/२४ वर नेऊन कार्यालयासाठी १९२.१६८.१०.०/२३ मोकळा करायचा. दुसऱ्यात गेटवे १९२.१६८.११.१ हाच राहतो, जुने पत्ते तसेच राहतात आणि फक्त मास्क २५५.२५५.२५४.० होतो. तो मार्ग स्वीकारला गेला. डीएचसीपीवरच्या, म्हणजे पत्ते आपोआप मिळणाऱ्या, संगणकांना नवा मास्क आपोआप मिळाला. प्रिंटर आणि हजेरीच्या यंत्रांचे पत्ते हाताने भरलेले असल्याने त्यांची यादी करून एकेकाचा मास्क तिने स्वतः बदलला. १९२.१६८.१०.२५५ आणि १९२.१६८.११.० हे दोन्ही पत्ते आता होस्टला देता येतात, हे तिने नोंदवहीत लिहिले, पण पुढे देखभालीला येणाऱ्या माणसाचा घोटाळा होऊ नये म्हणून डीएचसीपीच्या वाटपातून ते दोन्ही वगळून ठेवले.